काटा पाव दाखवतो, टाकीत दीड लिटर

मे महिन्यातली संध्याकाळ होती. गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, काठापासून दीडेक किलोमीटर आत, आमची बोट बंद पडली. बोटीत नागपूरहून फिरायला आलेलं एक कुटुंब होतं. आजी, नवरा-बायको आणि दोन लहान लेकरं. स्टिअरिंगवर माझा भाचा आणि मागे इंजिनापाशी मी. पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात असं आभाळ भरून आलं की वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटायला फार वेळ लागत नाही.

भाच्यानं पेट्रोलच्या मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा, काटा तं पाव टाकी दाखवून राह्यला. मंग बंद काहून पडली?"

मी काही बोलायच्या आतच आम्हाला उत्तर दिसलं. इंजिन थांबलं तसं बोटीचं वर उचललेलं नाक खाली आलं, बोट पाण्यावर सपाट बसली आणि तिच्याबरोबर काटाही उतरला. पाववरून त्याच्या निम्म्यावर, मग थेट लाल पट्टीवर. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नाही.

जवळच जाळं काढत असलेल्या एका काकांनी आपला डोंगा आमच्याकडे वळवला. डोंग्याला त्यांनी नुकतंच छोटं इंजिन बसवलं होतं. "दोर फेकतो, पक्का धर गा," एवढंच म्हणाले. आम्ही काठाला लागलो तेव्हा पहिले टपोरे थेंब पडत होते. त्या आजींनी उतरल्यावर काकांचे हात हातात घेतले, ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी टाकी पूर्ण उपसली. ६० लिटरच्या टाकीत दीड लिटर पेट्रोल निघालं. काट्याच्या हिशेबानं पंधरा असायला हवं होतं.

मी गावात ट्रॅक्टर, पंप आणि मोटारसायकलींची कामं करतो. पाणी आमच्या दारापर्यंत आल्यापासून बोटींची इंजिनंही माझ्याकडे येतात. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. आज त्याचं पाणी भंडारा आणि नागपूर, दोन्ही जिल्ह्यांत दूरपर्यंत पसरलं आहे. आंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर लोक फिरायला येतात, रामटेकजवळ खिंडसीला येतात, आणि पूर आला की याच इंजिनांच्या बोटी माणसं काढायला जातात. म्हणून बोटीचा काटा खोटा का बोलतो, हे इथल्या माणसाला नीट कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे टाकीत पेट्रोल मोजणारं काहीच नसतं. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसाच एक तरंगणारा फ्लोट टाकीत असतो. तो एका तारेच्या दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल वर गेलं की फ्लोट वर, खाली आलं की खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पट्टी एका बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत फिरते. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण आतून जसं असतं, तसाच हा प्रकार आहे. पट्टी जिथे असेल त्याप्रमाणे विजेच्या वाटेतला अडथळा, जो ओहममध्ये मोजतात, कमी-जास्त होतो आणि तेवढा समोरचा काटा हलतो. या सगळ्या जोडाला आमच्या धंद्यात टँक युनिट म्हणतात.

तर काटा सांगतो ते एवढंच: टाकीच्या या एका जागी, या एका क्षणी, फ्लोट किती उंचीवर आहे. त्या उंचीवरून लिटर काढायचे तर टाकीचा आकार माहीत पाहिजे, आणि तो काट्याला माहीत नसतो.

आकाराचं हे कोडं शेततळं असलेल्या कोणालाही लगेच उमगेल. ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल शेततळं घ्या, बाजूंना एकास एक उतार. तळाशी ते २४ बाय २४ उरतं. भरलं की त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं. आता पाणी बरोबर अर्ध्या खोलीवर, म्हणजे दीड मीटरवर आलं, तर निम्मं उरलं का? नाही. हिशेब केला तर सुमारे ९७६ घनमीटर, म्हणजे ४४ टक्केच उरतं. वरून पाहणाऱ्याला निम्मं तळं दिसतं, पण हरभऱ्याला दोन पाणी देईन म्हणणारा माणूस दुसऱ्या पाण्यालाच अडकतो. उताराच्या बाजूंचं तळं खाली खाली भराभर उतरतं, हे शेतकऱ्याला अनुभवानं ठाऊक असतं.

बोटीची टाकी याहून वाईट. बोटीचा तळ नांगराच्या फाळासारखा खाली निमुळता असतो आणि टाकी त्याच तळात, पायांखालच्या फळीच्या खाली बसवायची असते. म्हणून टाकीही तशीच निमुळती बनवतात. पूर्ण त्रिकोणी टाकी धरली तर अर्ध्या उंचीला पाव पेट्रोल असतं. पाव उंचीला तर सोळावा भाग. आमच्या ६० लिटरच्या टाकीत पाव उंची म्हणजे पंधरा नव्हे, पावणेचार लिटर. वरचा अर्धा भाग संपेपर्यंत काटा इतका सावकाश उतरतो की माणूस निश्चिंत होतो, आणि खालचा अर्धा भाग संपायला लागला की त्याला सावरायला वेळच मिळत नाही. तुमच्या बोटीचा काटा पहिल्या तासात जागचा हलत नसेल तर आनंद मानू नका. ती टाकीच्या आकाराची करामत आहे.

पण पावणेचार आणि दीड यांतही फरक उरतोच. तो कुठे गेला? तो बोटीच्या नाकात गेला.

मोटरबोट वेग घेते तेव्हा तिचं नाक वर उठतं आणि ती मागच्या भागावर धावते. टाकीतलं पेट्रोल तेव्हा सगळं मागे सरकतं. जेवणाच्या ताटात वरण असताना ताट एका बाजूनं उचललं तर काय होतं, तेच. आमची टाकी १२० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर खोल आहे. नाक फक्त ५ अंशांनी वर गेलं, तरी टाकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकातल्या पेट्रोलच्या उंचीत साडेदहा सेंटीमीटरचा फरक पडतो. समजा टाकीच्या मध्यावर साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या उंचीपर्यंत पेट्रोल आहे. मागच्या टोकाला ते पावणेअठरा सेंटीमीटर भरेल आणि पुढच्या टोकाला सव्वासात. टँक युनिट मागे बसवलं असेल तर काटा पाऊण टाकीजवळ दिसेल, आणि पुढे बसवलं असेल तर पावाच्या थोडा वर. पेट्रोल तेच, फक्त फ्लोटची जागा वेगळी.

आमच्या बोटीत टँक युनिट मागे होतं. धावत होतो तोवर उरलंसुरलं पेट्रोल मागच्या कोपऱ्यात गोळा होऊन फ्लोटला वर धरून होतं. इंजिन थांबलं, नाक खाली आलं, पेट्रोल पसरलं आणि काट्यानं खरं सांगितलं. बोट बांधणाऱ्यानं टँक युनिट टाकीच्या मधोमध बसवलं असतं तर ही चूक बरीच कमी झाली असती. नवी बोट घेताना हे नक्की पाहावं. फळी उचलायला लावा आणि टँक युनिट कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

इंजिनाकडे पेट्रोल नेणारी नळीही एरवी टाकीच्या मागच्या बाजूलाच असते, कारण धावताना पेट्रोल तिथेच येतं. ती टाकीच्या अगदी तळाला टेकत नाही, खालचा कचरा आणि पाणी ओढू नये म्हणून थोडी वर ठेवलेली असते. त्यामुळे तळाचं एक-दोन लिटर पेट्रोल कधीच वापरता येत नाही. पेट्रोल कमी असताना चार माणसं फोटो काढायला बोटीच्या पुढच्या टोकाला गेली, तर पेट्रोल पुढे पळतं आणि नळी हवा ओढते. इंजिन खोकायला लागतं. अशा वेळी लोकांना मागे बसवलं की कधी कधी काठापर्यंत पोचण्याइतकं पेट्रोल पुन्हा नळीला मिळतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लाटांनी काटा नाचतो, त्याबद्दल फार सांगत नाही. चांगल्या टाकीत आडव्या पट्ट्या असतात, त्या पेट्रोलची उसळी मोडतात. नाचणाऱ्या काट्यातला सगळ्यात वरचा आकडा मनात धरायचा नाही, एवढं पुरे.

आता वायरींकडे येऊ, कारण माझ्याकडे येणाऱ्या बोटींत अर्ध्या तक्रारी इथल्याच असतात.

जगात टँक युनिटच्या दोन मोठ्या रीती आहेत. अमेरिकी रीतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम असतात. युरोपी रीतीत उलटं, रिकामी असताना १० आणि भरलेली असताना १८०. मीटर आणि टँक युनिट एकाच रीतीचे असले पाहिजेत. आता समजा कुणाचं टँक युनिट खराब झालं आणि त्यानं मिळेल ते, युरोपी रीतीचं, आणून अमेरिकी मीटरला जोडलं. टाकी रिकामी झाली की युनिट १० ओहम देणार. मीटरच्या लेखी ३३ म्हणजे फुल्ल, मग १० म्हणजे फुल्लच्याही पलीकडे. टाकी कोरडी आणि काटा उजवीकडे टेकलेला! जीपचं किंवा मोटारसायकलचं युनिट बोटीत बसवून देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. मनानं ते चांगले असतात, गिऱ्हाइकाचे पैसे वाचवावेत असंच त्यांना वाटतं. पण यात माणसं पाण्यात अडकतात. तेव्हा नवं युनिट बसवण्याआधी साधा मल्टिमीटर लावून फ्लोट खाली असताना किती ओहम आणि वर असताना किती, हे मोजायचंच.

गंजलेल्या जोडाचंही तसंच आहे. बोट ओलाव्यात राहते, अर्थिंगच्या स्क्रूवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. असा जोड स्वतःच वीस-तीस ओहमचा अडथळा बनतो. अमेरिकी रीतीत ओहम वाढले की काटा कमी दाखवतो, म्हणजे माणूस उगाच लवकर परततो, नुकसान होत नाही. युरोपी रीतीत मात्र ओहम वाढले की काटा जास्त दाखवतो. एकच गंज, पण एका बोटीत तो तुम्हाला सावध करतो आणि दुसरीत बुडवतो. म्हणून आपल्या बोटीची रीत कोणती, हे मालकाला माहीत असावं.

दोष वायरीत आहे की युनिटात, हे पाहायची सोपी तऱ्हा सांगतो. आधी फळी उचलून आतली पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्या, कारण ती हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. चावी बंद करा. टँक युनिटवरून मीटरकडे जाणारी वायर काढून मोकळी ठेवा आणि मग चावी चालू करा. अमेरिकी रीतीत काटा रिकाम्याकडे गेला पाहिजे. पुन्हा चावी बंद करा, तीच वायर अर्थिंगला जोडा, चावी चालू करा. आता काटा फुल्लकडे गेला पाहिजे. दोन्ही वेळा काटा बरोबर गेला तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष टाकीच्या बाजूला, म्हणजे युनिटात किंवा त्याच्या अर्थिंगला आहे. वायर टाकीजवळ चालू विजेवर कधीच जोडायची-तोडायची नाही. ठिणगी एवढीशी असते, पण ती पुरते.

फ्लोटही म्हातारा होतो. त्याला चीर पडली की आत पेट्रोल शिरतं आणि तो जड होऊन खालीच बसतो. काही युनिटांत घासणारी पट्टी नसते, उभ्या नळीत ओळीनं छोटे स्विच असतात आणि चुंबक लावलेला फ्लोट नळीवरून वर-खाली सरकतो. ती टिकाऊ असतात, पण त्यांचा काटा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. बराच वेळ एका जागी, मग एकदम खाली. तो बिघाड नसतो.

आमच्या उन्हाचाही यात वाटा आहे. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग या हिशेबानं फुगतं. सकाळी पंचवीस अंशांत ६० लिटर भरलं आणि दुपारी टाकी पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली तर ते जवळपास सव्वा लिटरनं वाढतं. काटा वर सरकतो, पण इंजिनाला त्या फुगलेल्या सव्वा लिटराचा काही उपयोग नाही, कारण त्यातली ताकद तेवढीच असते. आणि म्हणूनच उन्हाळ्यात टाकी कधी गळ्यापर्यंत भरायची नाही. फुगलेलं पेट्रोल झाकणातून बोटीत उतरतं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे या मिश्रणाच्या लिटरमागे सुमारे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी मिळते. काटा तेवढाच, पण पल्ला थोडा कमी. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या बोटीतलं जुनं पेट्रोल घेऊन पाण्यात जाऊ नये.

मग करायचं काय? आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्याला विचारा, तो डिझेलच्या काट्याकडे बघत नाही. तो म्हणतो, रोटाव्हेटर लावला की तासाला पाच-सहा लिटर, आणि तेवढ्यावर आख्ख्या दिवसाचा हिशेब सांगतो. बोटीलाही हाच हिशेब लागू पडतो. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं तर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ३०० मिलीलिटर पितं. ४० हॉर्सपॉवर म्हणजे तासाला १२ लिटर. जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक असेल तर दीडपट धरा. लिव्हर पूर्ण न ओढता इंजिनाचे फेरे पाऊणवर आणले तर खर्च साधारण निम्म्याजवळ येतो. आणि पंख्याला जलपर्णी गुंडाळली असेल किंवा बोट जड भरली असेल तर कोणताच आकडा खरा राहत नाही.

म्हणून मी एक वही ठेवली. भरलेले लिटर, चाललेले तास आणि माणसं किती होती, एवढंच लिहायचं. दहा-बारा फेऱ्यांनंतर त्या वहीनं मला माझ्या बोटीचा असा आकडा दिला, जो कुठल्याही पुस्तकात सापडला नसता.

दुसरी गोष्ट बांबूची कामटी. पेट्रोल पंपावर रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत लांब दांडी सोडतात, ओली खूण पाहतात आणि तक्त्यावरून लिटर काढतात. ज्यांचा धंदाच पेट्रोलचा आहे तेही दांडी सोडतातच. मी तेच केलं. टाकी पूर्ण कोरडी केली, बोट पाण्यावर सपाट ठेवली आणि मापानं पाच-पाच लिटर ओतत गेलो. दर वेळी इंजिन बंद, बिडी-काडी दूर, आणि एक स्वच्छ, सरळ, सुकी कामटी टाकीच्या तळापर्यंत. जिथवर ती भिजली तिथे चाकूनं खाच. पहिली खाच तळापासून सात सेंटीमीटरवर आली. दुसरी तिच्यावर फक्त तीन सेंटीमीटरवर. पुढे खाचा जवळ जवळ येत गेल्या आणि शेवटच्या पाच लिटरला जेमतेम एक सेंटीमीटर जागा उरली. टाकीचा निमुळता आकार त्या कामटीवर उमटला होता. भाच्यानं ती हातात धरून बराच वेळ पाहिली. त्याच वेळी काटा कुठे होता, तेही मीटरशेजारी चिकटपट्टी लावून पेननं लिहून ठेवलं. आमच्या मीटरवर अर्ध्याच्या खुणेशेजारी आता "१५ लिटर" लिहिलेलं आहे.

काही बोटींत पेट्रोल भरायची नळी वाकडी असते, तिथे कामटी तळापर्यंत पोचत नाही. अशा बोटीला इंजिनाच्या वाटेवर बसणारं मीटर लावता येतं. त्यात एक छोटी चक्री पेट्रोल वाहताना फिरते आणि गेलेले लिटर मोजते. इंजेक्शनवाल्या नव्या इंजिनांचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडले यावरून हाच हिशेब करतो. टाकी कशीही कललेली असो, या आकड्याला त्यानं फरक पडत नाही. फक्त भरलेले लिटर त्याला आपण सांगावे लागतात, आणि टाकीतून गळती होत असेल तर ती त्याला दिसत नाही.

लाल प्लास्टिकच्या सुट्या टाक्या वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. झाकणावरचा काटा बिनभरवशाचा असतो, पण टाकी उचलून वजनावरून अंदाज येतो आणि अर्धपारदर्शक टाकीतून पेट्रोल सरळ दिसतं. मार्करनं लिटरच्या रेघा मारून घ्या. ही टाकी भरायची ती बोटीबाहेर, जमिनीवर ठेवून. आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू पाण्यात जाताना उघडा आहे ना, ते पाहा. तो बंद राहिला तर आत पोकळी होऊन इंजिन पेट्रोल असतानाही बंद पडतं. नळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा चिपकून चपटा झालेला दिसला तर आधी तो स्क्रू बघा.

राहिला प्रश्न किती पेट्रोल घेऊन निघायचं. जगभर बोटवाल्यांचा एक नियम आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक. तलावात तो उत्तम आहे. पण वाहत्या नदीत तो फसवतो, आणि हे बचाव पथकातल्या पोरांना मी आवर्जून सांगतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. अशा धारेत हिशेब कसा बदलतो पाहा. बोटीचा वेग ताशी २० किलोमीटर आणि धार ताशी ६ किलोमीटरची. धारेबरोबर जाताना बोट २६ नं जाते, उलट येताना १४ नं. टाकीत २४ लिटर, त्यातले ८ खर्चून धारेबरोबर गेलात, तर परत यायला ८ पुरणार नाहीत, जवळपास १५ लागतील. हातात उरलं एक लिटर, आणि त्यातलं बरंचसं नळीला न लागणारं. म्हणून धारेत आधी वर जायचं, मग खाली यायचं. खालीच जावं लागलं तर जाताना टाकीतलं चौथा भाग पेट्रोल संपलं की थांबायचं.

जुन्या मोटारसायकलला रिझर्व्ह असायचा, आठवतं? तिथे काटा नव्हता की वायर नव्हती. टाकीत दोन नळ्या होत्या, एक उंच, एक बुटकी. उंच नळी कोरडी झाली की गाडी अडखळायची, माणूस कॉक फिरवायचा आणि बुटक्या नळीवर घरी पोचायचा. मी बोटीत तोच रिझर्व्ह वेगळ्या रूपात ठेवला आहे. दहा लिटरची एक वेगळी टाकी, तिची स्वतःची नळी, पट्टीनं घट्ट बांधलेली, सावलीत. ती मोजमापात धरायचीच नाही. त्या मे महिन्यानंतर ती एकदाही वापरावी लागलेली नाही.

दिवाळीच्या आधी ते डोंगावाले काका माझ्या अंगणात आले. खांद्यावर त्यांची बारा लिटरची टाकी होती, गडद रंगाची, आतलं काही न दिसणारी. "तुह्या बोटीत ते खाचावाली काडी पाह्यली," म्हणाले. "तेवढी एक मलेही करून दे गा. रातच्याला जाळं टाकाले जातो, काटा दिसतच नाही."

टाकी आम्ही ओसरीच्या फरशीवर पाणपातळी लावून सपाट ठेवली. भाचा मापानं एक-एक लिटर ओतत होता, काका कामटी सोडून बाहेर काढत होते आणि मी खाच पाडत होतो. अंधारात बोटांना कळाव्यात म्हणून काकांनी खाचा खोल पाडायला सांगितल्या, आणि चौथ्या लिटरला एकाशेजारी एक अशा दोन. त्यांच्या जाळ्यापासून घरापर्यंत यायला तेवढं लागतं.